सापाचं काळीज

कुल्वाकान,
संत लूकच्या सणाचा दुसरा दिवस, १५५४

ताई,

आपल्या सगळ्यांचा धनी तुला आणि दाजींना सुखात ठेवो. तळ्याचं पाणी यंदा वाफ्यांवर चढलं नाही. मका चांगला आला. टर्की मात्र अंडी सोडून उठली. लहानपणी तुला मुलींच्या शाळेत घातलं ते बरं झालं. हे पत्र दाजींकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

चर्चचे खांब उभे राहिले. शेवटच्या खांबाखाली बैठकीचा दगड मिळत नव्हता, म्हणून पाद्रीबाबांनी जुन्या देवळाच्या ढिगाऱ्यातला वेटोळं घातलेला दगडी साप काढायला सांगितलं. आबांनी तरुणपणी घडवलेला. त्याचं डोकं उडवून माथा सपाट करायचं काम माझ्यावर आलं. नाही म्हणणाऱ्याला फटके आहेत.

घरी सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, "मला ने."

दगडाच्या धुळीनं डोळे कधीच गेले होते त्यांचे. पण सापावर हात पडला आणि बोटं चालू लागली. सापाचे शिंपल्याचे डोळे कुणीतरी उपटून नेले होते. जबड्यात थोडी लाल काव उरली होती. आम्ही दगड कलता केला, तर पोटावरही खवले. एस्तेबान गवंडी हसायला लागला.

"म्हातारबा, ही बाजू तर खाली. इथं कोरून कुणाला दाखवायचं होतं?"

"जमिनीला."

"मग काय म्हणाली ती?"

"तुझ्यासारखी बडबडी नाही ती."

सगळे हसले. एस्तेबान सगळ्यांत जास्त.

मग आबांनी सापाच्या छातीवर नख फिरवलं. तिथं चुन्याचं बूच होतं. ते त्यांनी हाडाच्या सुईनं उकरलं आणि आतून हिरवा मणी काढला.

"हे याचं काळीज," माझ्या कानाशी म्हणाले. "पाण्याच्या, कोवळ्या कणसाच्या रंगाचं. हे आत आहे तोवर साप, काढलं की दगड. जिवंत कापायचं नाही. आता काप, आणि झालं की परत ठेव."

मी कापलं. वाळू आणि पाण्यानं घासून जो जबडा काढायला आबांचा अख्खा पावसाळा गेला होता, तो लोखंडी छिन्नीनं एका सकाळीत गेला.

त्याच आठवड्यात आबांना ताप आला. मणी मुठीत धरून पडले होते.

"कधी नेतोस?"

"उद्या, आबा."

"लहानपणीही उद्याच म्हणायचास."

पाद्रीबाबांना घाई होती. सापावर खांब चढवला तेव्हा दोर माझ्याही हातात होता आणि मणी घरी. आता सापाच्या छातीपर्यंत हात पोचणार नव्हता. संध्याकाळी मी तो आबांकडून मागून घेतला, अंगणात थोडा वेळ उभा राहिलो, आत आलो आणि ठेवला म्हणून सांगितलं.

"नीट बसला?"

"बसला."

त्यानंतर ते मक्याची पेज प्यायले. थोडीशी.

ताई, आबा गेले. परवा. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

जुने विधी होत नाहीत ना ते बघायला चर्चचा माणूस दारात उभा होता. मी आबांचं तोंड पुसत होतो. पुसता पुसता मणी त्यांच्या जिभेखाली सरकवला, आजी गेली तेव्हा तिचं काळीज म्हणून तिच्या तोंडात ठेवला होता तसा. पण आजीचा मणी माणसाचं काळीज होता. आबा सापाचं काळीज घेऊन गेले, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते सापापाशीच आहे. साप खांबाखाली नुसता दगड होऊन बसला आहे. दोघांतल्या कुणाचं मी वाईट केलं, मला समजत नाही. तळ्यात टाकून देणं मात्र जमलं नाही.

दाजी तुमच्या चर्चचे कारभारी. त्यांच्या कानावर गेलं तर ते आबांना उकरायला लावतील. ते त्यांचं काम आहे, मी त्यांना बोल लावत नाही. त्यांना सांगू नकोस, एवढंच लिहायला बसलो होतो. ते लिहीत नाही. आबांची थोरली लेक तू आहेस, काय ते तू ठरव.

आबांशी शेवटचं खोटं बोललेला,
तुझा मार्तीन