निळ्या कापडावरचं पीठ

मुकिला, ८ ऑगस्ट

ती. माफुताताईस,
लुझोलोचा सा. न. वि. वि.

ताई, रागावू नको, पण बाळंतपणाला तू पाठवलेल्या निळ्या कापडात काही बांधलं होतंस का गं? मला नाही वाटत, पण सासूबाई गावभर तेच सांगत सुटल्यात. आमची थोरली म्बेला परवा चटईवरून उठलीच नाही. आदल्या दिवशी चांगली नाचत होती. उभी केली की पाय लाकडासारखे ताठ, गुडघे एकमेकांत अडकतात. पाद्रीबुवा आले, आमची कोंबडी खाल्ली आणि ही नातेवाइकाची करणी म्हणाले. कोंबडीला करणी लागली नव्हती वाटतं, हाडंसुद्धा चोखली.

घरात मासा नाही, घेवडा संपला. नुसता लुकूचा, कसाव्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा खातो. शहराचा ट्रक आला म्हणून सासूबाईंनी ओढ्यात नीट मुरलेला कसावा सगळा विकला, आणि घरासाठी एका रात्रीतच कंद ओढ्यातून काढून वाळवले, कुटले. पीठ किती पांढरं म्हणून वर मिरवतात. कडवट लागतं, खाल्लं की डोकं गरगरतं. धाकटीलाही आता लुकू भरवायची वेळ झाली. माझा हात धजत नाही गं.

तुझ्या मायेवाचून मला कोण? ती आटू देऊ नको.
तुझी लुझोलो

केंगे, १९ ऑगस्ट

चि. लुझोलोस अनेक आशीर्वाद.

मला करणी येत असती तर पहिली तुझ्या सासूच्या जिभेवर केली असती. हे त्यांना मोठ्यांदा वाचून दाखव.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. कडू कसाव्यात विष असतं, कंद तीन रात्री पाण्यात मुरला की ते जातं. तुझ्या सासूला ठाऊक आहे, पण ट्रकचा भोंगा वाजला की बाई सगळं विसरते. ते विष पोटात गेलं की श्वास आत जातो पण अंगाला लागत नाही. चुलीत लाकूड आहे, वारा आहे, तरी जाळ धरत नाही, तसं. अंगाच्या कणाकणात अशी चूल असते म्हणे. मासा, घेवडा खाल्ला तर अंग विष धुऊन काढतं. तुमच्याकडे तेही नाही.

खरं सांगते, म्बेलाचे पाय पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. रडून घे. पण धाकटीला जप. पीठ पाण्याने ओलं कर, पातळ पसर, दोन तास कडक ऊन दे. विष उडून जातं. मग त्याच दिवशी शिजव.

पोरींना माझा मुका. पाद्रीबुवांना कोंबडी नको.
तुझी माफुता

मुकिला, ७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

सासूबाई हसल्या. वाळलेलं पीठ भिजवते, उद्या भाजलेला मासा नदीत सोडेल म्हणाल्या. पसरायला तुझंच कापड घेतलं. करणीच्या कापडावरचं मी खाणार नाही, असा त्यांचा तोरा. मी म्हटलं नका खाऊ, तुमचं पांढरंशुभ्र गाडग्यात आहेच. दोन दिवस तोरा टिकला. मग थाळी पुढे आली, आणि आज कडू नाही गं, असं तोंडातून निघून गेलं. लगेच मिठाला नावं ठेवली.

काल धाकटीला पहिला घास दिला. आधी मी स्वतः चाखून पाहिला.

म्बेला चवड्यांवर, काठी टेकत चालते. कापडापाशी बसवलं की काठीने कोंबड्या हाकते. सासूबाईंचाच आवाज काढून त्यांना म्हणते की चला निघा, करणीचं पीठ आहे, पाय जातील. सगळे हसतात. सासूबाई तेवढ्या उठून ओढ्यावर जातात.

आता त्या तीन रात्रींआधी कंद ओढ्यातून काढत नाहीत. ट्रक भोंगा वाजवून तसाच जातो.

अशीच रागावत राहा, त्यातच तुझी माया कळते.
तुझी लुझोलो