वरची हद्द पंधरा टक्के

देऊळघाट,
सोमवार

आदरणीय व्याही भगवंतराव यांना उकंडरावचा मनापासून रामराम.

तुमच्या गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. सहकार खात्यात तीस वर्षं खुर्चीवर बसून गुडघा कसा झिजला, हे मात्र आमच्या घरात कुणाला उमगलं नाही (रागावू नका, आपलेपणाने लिहितो). इकडे सगळे मजेत, मी सोडून.

आमच्या दालमिल सोसायटीला यंदा चांगला नफा झाला आणि निवडणूकही महिन्यावर आली. दोन्ही गोष्टी एकदम आल्यावर चेअरमनने काय करावं? मी वार्षिक सभेत उभा राहून तीस टक्के लाभांश जाहीर केला. टाळ्या अशा पडल्या की मंडप हलला (वाऱ्याने असेल, पण हलला). तेवढ्यात आमची सचिव समता उठली. शिकलेली पोर मीच नेमली होती, पगार कमी घेते म्हणून. तिने पुस्तक उघडून सांगितलं, कायद्याप्रमाणे सभासदांना पंधरा टक्क्यांवर लाभांश देता येत नाही. मी म्हटलं, मग वरचा राखीव निधीतून देऊ. ती म्हणाली, त्याला तर हातच लावता येत नाही.

खरं सांगतो, घडीभर वाईट वाटलं. मग पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचलं, तर काय, कायद्याने वरची हद्द घातली आहे, खालची घातलेलीच नाही! त्या क्षणापासून मी कायद्याचा भक्त झालो. गहिवरून म्हणालो, मंडळी, माझा जीव तीसवर होता, पण कायद्यापुढे चेअरमन कोण? आणि सहा टक्क्यांचा ठराव मांडला.

लगेच धाड गावच्या झुंबरबाई उठल्या (शंभर-शंभरचे पाच शेअर, आणि आवाज पाचशे शेअरचा). म्हणाल्या, "म्हंजे मले तीस रुपये भेटन. येण्याजाण्याचं बायांचं अर्धं तिकीटच चाळीस झालं!" मी पुस्तक वर धरलं. तर म्हणे, "हे पुस्तक आमच्याच पैशाले अडवते काय? तुमच्या गाडीच्या डिझेलले काऊन नाही अडवत?"

आता संस्थेच्या कामाला चेअरमनने पायी फिरावं का? (मेहकरला नातवाच्या बारशाला आलो तेही कामच; वाटेत तुरीच्या एका व्यापाऱ्याला हात केला होता.) पण समताने डिझेलचा वर्षाचा आकडा वाचून दाखवला. तो सगळ्या सभासदांच्या सहा टक्क्यांहून मोठा निघाला. जे हसणं सुरू झालं ते चहा संपेपर्यंत थांबलं नाही. ठराव पंधरा टक्क्यांचा पास झाला आणि गाडी बंद झाली. मी मिलवरून घरी पायी आलो. वाटेत तिघांनी रामराम घातला, तोही हसत.

असो. विहीणबाईंना नमस्कार, सूनबाई काजलला आणि नातवाला आशीर्वाद.

आपला,
उकंडराव

ता. क. : लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. चेअरमनच्या बैठक भत्त्याला कायद्यात वरची हद्द आहे का? नसेल तर लगेच फोन करा. असेल तर कळवायची दगदग घेऊ नका.

आणखी एक : झुंबरबाईंनी काल माझ्याविरुद्ध उमेदवारी अर्ज भरला. सूचक म्हणून सही रुखमाबाईची, म्हणजे आमच्या घरच्यांचीच. विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "हाव, केली. मी बी सभासद आहो." तिच्या नावावर शेअर मीच घेतला होता, आपलं एक मत वाढावं म्हणून.