अप्पा, मशीन सुरू झालं

अप्पा,

तुमचं मशीन मी सुरू केलं. दुकानदाराने नाही, तुमच्या लेकाने, अण्णाने नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी लांबण लावलेली तुम्हाला खपत नसे. पत्र मात्र लांबणार आहे, आणि तेही देवनागरीत. तुम्ही आपली घरची मराठी जन्मभर तमिळ अक्षरांत लिहिलीत. हिंदीच्या परीक्षांपायी मी ही अक्षरं शिकले, तेव्हा माझी वही उलटी धरून तुम्ही गंभीरपणे 'छान' म्हणाला होतात. त्यामुळे हे तुम्हाला वाचता आलं नसतंच, आणि म्हणून मला जरा मोकळेपणाने लिहिता येतंय.

चाळीस वर्षं तुम्ही सायकलवरून कुंभकोणम् पालथं घालून टाइपरायटर दुरुस्त केलेत. वकिलांची ऑफिसं, टायपिंगचे क्लास, सगळीकडे तुमचीच वाट बघायचे. मग टाइपरायटर एकेक करून भंगारात गेले. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता, तुम्ही कुणाचा तरी जुना कम्प्युटर घरी आणलात आणि त्यावर आपल्या घरच्या बोलीतल्या शब्दांची यादी करायला बसलात. गोविंदपुरम्‌ला भजनाला गेलात की म्हाताऱ्या बायकांना कोपऱ्यात गाठून शब्द विचारायचात, भजन राहायचं बाजूला. एका बोटाने टाइप करायचात. तमिळ टायपिंगची वरची परीक्षा पास झालेली मुलगी घरात बसलेली असताना तिला कधी 'तू कर' म्हणाला नाहीत.

म्हणाला नाहीत, कारण माझ्या हातावर तुमचा विश्वास नव्हता. मी बारा वर्षांची होते. दुरुस्तीला आलेल्या एका टाइपरायटरची एक कळ खाली गेली की वर येत नव्हती. तुम्ही जेवत होता. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाजूचं झाकण काढून आतलं सगळं सोडवायला लागले. एक स्प्रिंग उडाली ती थेट तांदळाच्या डब्यामागे. तुम्ही हात न धुता उठून आलात. अजून ऐकू येतं मला. "पहिलें पाहा की! उघडायचें तें शेवटीं. तुझा हात ह्या कामाचा न्हवे." मग तुम्ही दिव्याखाली मशीन तिरकं धरलंत, फटीत अडकलेला खोडरबराचा चुरा बारीक ब्रशने झाडलात आणि कळ टुणकन वर आली. दुसऱ्या दिवसापासून स्क्रू ड्रायव्हर अण्णाच्या हातात आणि मी टायपिंगच्या क्लासात. मला फार राग आला होता अप्पा. थोडा अजून आहे.

तुम्ही गेल्यावर आम्ही कम्प्युटर हलवला नाही. दर वर्षी आयुध पूजेला मी तो पुसते, चंदन-कुंकू लावते, फूल वाहते. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, हत्यार थोडं तरी वापरायला हवं म्हणून तो सुरू करते, पडद्यावर तुमच्या यादीची फाइल दिसते, आणि मी तो बंद करते. यादी उघडायचा धीर झाला नाही. एकदा उघडली की वाचून संपेल, मग तुमचं नवीन काहीच उरणार नाही, असं वाटायचं. यंदा विजयादशमीला बटण दाबलं, पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि मनात चार आकडे मोजेपर्यंत सगळं गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं पुरवून ठेवायला गेले आणि एक शब्दही न वाचता यादी घालवून बसले की काय!

चेन्नईला अण्णाला फोन केला. तो इंजिनिअर, त्याचं उत्तर तयारच. "आतलें बोर्ड मेलें असेल. टाकून दे गे, मी तुला नवें घेऊन देतों." यादीचं काय, विचारलं तर म्हणाला, डिस्क काढून घेऊ. पण तुम्ही असताना त्यानेच एकदा ती फाइल चेन्नईला नेली होती, आणि तिथे अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या उमटल्या होत्या. तुमचा जुना फॉन्ट फक्त ह्याच मशीनला कळतो. मी ऑटोत घालून मशीन कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने त्याला हातसुद्धा लावला नाही. "अम्मा, म्युझियमला द्या," म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मी तशीच उलट्या पावली मशीन घरी आणलं.

खिडकीशी स्टुलावर ठेवलं. स्क्रू ड्रायव्हर जवळ होता, तरी मी तो घेतला नाही. नुसती बघत बसले. बटण दाबते, बंद पडतं. दाबते, बंद पडतं. आणि मग मी मशीनऐवजी माझ्या बोटाकडे बघितलं. बोट मागे आलं, बटण आलं नाही. ते आतच राहिलं आणि बऱ्याच वेळाने, सावकाश, वर आलं. अहो अप्पा, मी काम करते त्या शाळेच्या ऑफिसात कम्प्युटर अडकला की आम्ही काय करतो? बटण चार-पाच सेकंद दाबून धरतो, की तो बंद होतो. हा बिचारा तेच करत होता. त्याला वाटत होतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय.

बटणाच्या कडेने पिवळट थर होता, दगडासारखा घट्ट. चंदन! तुम्ही पूजेला झाकणाच्या कोपऱ्यात ठिपका लावायचात. मला ते गोल बटण मधोमध कपाळासारखं दिसायचं, म्हणून मी वर्षानुवर्षं तिथेच बोटभर ओलं चंदन माखत आले होते. भक्तीने मशीन मारलं म्हणायचं. मी एकटीच मोठ्याने हसले. मग वायर काढली, कोमट पाण्यात जेमतेम भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने तासभर कड साफ केली, उन्हात वाळू दिलं. आणि त्यानंतरच झाकण उघडलं, पेरिय तेरूच्या मोठ्या रस्त्यावरच्या घड्याळवाल्याकडून आणलेली नाण्याएवढी बॅटरी आत बसवली, कारण गेली काही वर्षं बिचाऱ्याला तारीखही आठवत नव्हती. एकही स्क्रू हरवला नाही. बटण दाबलं, ते टुणकन परत आलं. चार आकडे मोजले, दहा मोजले, वीस मोजले. पडदा उजळला. मला वाटलं, ह्या क्षणी तुम्ही दारात असायला हवे होतात, सायकलची क्लिप पायाला लावलेले. मी तुम्हाला विचारलं असतं, आता सांगा, हा हात कुठल्या कामाचा?

अण्णाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तूंच केलीस?" मी म्हटलं, "मग काय मशीनने आपापलें केलें?"

यादी त्याच दुपारी उघडली. मी वाचत गेले आणि आई शेजारी बसून ऐकत गेली. तिला आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. 'डांगर' आलं. तुम्ही लिहिलंय, उडदाचें पीठ दह्यांत कालवून करतात तें. आई ताडकन म्हणाली, "उडीद भाजल्याविना? कच्चें पीठ कोण खाईल तें? तुझे अप्पा जन्मांत चुलीपाशीं आले न्हवते." किती वर्षांनी ती तुमच्यावर अशी चिडली! मग तिने तुम्ही न लिहिलेले स्वयंपाकघरातले आणखी शब्द सांगायला सुरुवात केली, आणि मी दहा बोटांनी टाइप करत गेले. तुमची यादी संपली नाही, अप्पा. मी उगाच घाबरत होते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. यादीच्या वर तुम्ही तुमचं नाव टाइप केलंय. त्याखाली मी माझं टाइप केलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा राहू दिलं.