गिअर बाजूच्याने टाकायचा

३ नोव्हेंबर
मोनालीचा पुण्याहून फोन. पप्पा, जुनी गाडी काढा, ऑटोमॅटिक घ्या, एक्सचेंजला चांगला भाव चाललाय. मी स्पष्ट सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत या घरात क्लच राहील. त्यावर म्हणते, मम्मीचा हात दुखतो. आता गाडी चालवतो मी आणि हात दुखतो हिचा. यात गिअरबॉक्सचा संबंध येतोच कुठे?

३ नोव्हेंबर, जेवणानंतर
संबंध येतो म्हणे. कारण गिअर चांगुणा टाकते.
एकदा नीट लिहून ठेवतो, कारण तीर्थपुरीतले लोक या गोष्टीचं उगाच भांडवल करतात. मी गाडी शिकलो इनायतच्या जीपवर, घनसावंगी लाइनला. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसं. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. गिअरचा दांडा ज्याच्या दोन गुडघ्यांमध्ये येईल, त्याने ड्रायव्हर ‘हं’ म्हणाला की गिअर टाकायचा. स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, हॉर्न ही ड्रायव्हरची खाती. गिअर बाजूच्याचा. मी असाच शिकलो आणि फर्स्टक्लास शिकलो. लायसन्सच्या टेस्टला पहिल्या गिअरमध्ये आठचा आकडा काढायचा असतो, तो एका दमात काढला.
मग स्वतःची गाडी घेतली. बाजूला चांगुणा बसली. मी क्लच दाबून ‘हं’ म्हणतो, ती गिअर टाकते. सुरुवातीला वरचा की खालचा हे सांगावं लागायचं, आता तेही लागत नाही. माझं ट्रेनिंग.

६ नोव्हेंबर
चांगुणाला जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे तिनेच गिअर टाकत नेलं, पण ड्रायव्हिंग माझं. डॉक्टरांनी विचारलं, उजव्या हाताने जास्त काय काम करता? ही म्हणाली, गाडीचे गिअर टाकते. डॉक्टर म्हणाले, अरे वा, ताई, गाडी चालवता? ही म्हणाली, न्हाई, गाडी हे चालवतात.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी मनगटाला पट्टा दिला आणि महिनाभर हात हलवायचा नाही म्हणाले. तुम्हाला आणखी काही सांगायचंय का, असंही मला विचारलं. नाही म्हणालो.
परत येताना तिने डाव्या हाताने गिअर टाकले. वळून, वाकून. बरं वाटलं नाही बघायला.

७ नोव्हेंबर
मोनालीचा पुन्हा फोन. मी अट घातली. महिनाभर गाडी मी एकटा चालवून दाखवतो. जमलं तर ऑटोमॅटिकचं नाव या घरात काढायचं नाही. नाही जमलं तर जुनी गाडी तुझी, काय करायचं ते कर. ती लगेच हो म्हणाली. लगेच म्हणाली हे खटकलं.
तसं पाहिलं तर ऑटोमॅटिकमध्ये आहे काय? बॅटरी बसली तर ढकलून चालू होत नाही. डाव्या पायाला काम नाही. देवाने दोन पाय दिलेत, एकाला पेन्शनीत काढायचं? गिअर कधी बदलायचा ते मशीन ठरवणार आणि माणूस नुसता बसून राहणार. ते मला मान्य नाही. गाडीवर माणसाचा कंट्रोल पाहिजे.

८ नोव्हेंबर, सकाळी
अंगणात सराव. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर स्वतः टाकले. लोण्यासारखे पडले. लोक उगाच बाऊ करतात.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
घनसावंगीला एकटा गेलो. गेलो आणि आलो, हे महत्त्वाचं. जाताना दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. सबंध. तिसरा टाकायच्या वेळी सवयीने ‘हं’ म्हणालो आणि वाट बघत बसलो. गाडी ओरडायला लागली तेव्हा आठवलं, बाजूला कोणी नाही. मग हाताने शोधायला गेलो तर नजर खाली गेली आणि समोर उसाची डबल ट्रॉली. त्यापेक्षा दुसरा बरा. दुसरा हा अतिशय विश्वासू गिअर आहे.
इनायतने प्रवाशांनी भरलेली जीप घेऊन मला ओव्हरटेक केलं. तो घनसावंगीत प्रवासी उतरवून, नवे भरून परत येताना मी अजून जातच होतो. त्याने हात केला. मीही केला, दुसरा हात मोकळाच होता.

११ नोव्हेंबर
गाडीतून जळका वास. परवेजच्या गॅरेजला दाखवली. क्लचप्लेट गेली म्हणतो. मी म्हणालो, क्लचप्लेट जळणं हे गाडी वापरात असल्याचं लक्षण आहे. तो म्हणाला, भाऊ, गाडी बिलकुल बराबर हाय, तुमचा आधा ड्रायव्हर घरी बसून राह्यला. गिअरची मूठ गुळगुळीत झालीय, बदलू का म्हणाला. मी म्हणालो, राहू दे, माझ्या हाताने झालीय. चांगुणा सोबत होती. ती मनगटाचा पट्टा घट्ट करत होती.

१७ नोव्हेंबर
नवी युक्ती. एकट्याने चालवायचं म्हणजे चांगुणाशिवाय चालवायचं, असा अटीचा अर्थ होतो. बाजूला दुसरं कोणी बसू नये असं कुठे ठरलंय? म्हणून शेजारच्या कांताबाईंना घनसावंगीपर्यंत फुकट लिफ्ट दिली. ‘हं’ म्हणालो की दांडा ओढायचा, एवढंच सांगितलं. त्यांनी ओढला. हँडब्रेक. गाडी जागच्या जागी फिरून कापसाच्या रानात तोंड करून थांबली. कांताबाई उतरल्या आणि म्हणाल्या, सर्जेराव, मी आपली बसनं जाते, तिथं ड्रायव्हरच गिअर टाकतो.
लोकांना शिकायची इच्छाच नाही.

१८ नोव्हेंबर
कांताबाईंनी सगळ्या गावात सांगितलं. चांगुणाला हसू आवरेना. पट्ट्याचा हात धरून हसत होती. पुष्कळ दिवसांनी इतकी हसली. मी रागावलो, पण फार नाही.

२ डिसेंबर
महिना संपायला अजून दिवस आहेत, पण मी अट स्वतःहून मागे घेतली. हरलो म्हणून नाही. दुसऱ्यांदा क्लचप्लेट टाकावी लागेल असं परवेज म्हणाला आणि माणसाने पर्यावरणाचाही विचार करावा.

१४ डिसेंबर
मोनाली ऑटोमॅटिक घेऊन आली. जुनी गेली. नेणाऱ्या माणसाने सहज पहिला, दुसरा, तिसरा टाकला आणि कोपऱ्यावरून वळला. इतकं सोपं दाखवायची काही गरज नव्हती. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, आता का रडतेस, हात सुटला ना तुझा? ती म्हणाली, सुटला की. मी नव्या गाडीच्या टायरमधली हवा बघितली.

१५ डिसेंबर
आज मी नवी गाडी काढली. बाजूला मोनाली, मागे चांगुणा. वेग घेतला, ‘हं’ म्हणालो आणि डाव्या पायाने क्लच दाबला. तिथे ब्रेक होता. मोनालीच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा काचेवर. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. डावा पाय ऐकत नाही. मोनाली म्हणाली, पप्पा, तो पाय मांडी घालून ठेवा. मी ड्रायव्हर आहे, कीर्तनकार नाही.
मग ती चांगुणाला म्हणाली, मम्मी, तू बस. दोघींचं आधीच ठरलेलं दिसतंय. लर्निंग लायसन्सही काढून ठेवलेलं. मला कोणी सांगितलं नाही. मी मागे बसलो. मोठ्या गाडीत मालक मागेच बसतो.
माझा अंदाज, हिला शिकायला सहा महिने लागतील.

२१ डिसेंबर
शिकली. यात माझाच हात आहे. रस्ता कुठे वळतो, ट्रॉली कुठून आडवी येते, स्पीड कधी कमी करायचा, हे सगळं तिला पाठ. इतकी वर्षं माझ्या बाजूला बसली म्हणूनच ना? मोनालीला हे सांगितलं. ती म्हणाली, हो पप्पा.

३० जानेवारी
चांगुणा टेस्ट पास. तीर्थपुरीत पेढे वाटले. परवेज पेढा खाऊन म्हणाला, वहिनी, आता पूरा ड्रायव्हर झाल्या. मी म्हणालो, मूळ ट्रेनिंग कुणाचं ते विचार. तो विचारायला तयार नव्हता.

२४ फेब्रुवारी, सकाळी
आमच्या दुकानासाठी पाइप-फिटिंगचा माल आणायला जालन्याला जायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलो. चांगुणा म्हणाली, तुम्ही कशाला येता? दुकान बंद राहतं, गिऱ्हाईक वापस जातं. भाजी झाकून ठेवली, भाकरी टोपल्यात हाय. आणि गेली. एकटी.

२४ फेब्रुवारी, दुपारी
गिऱ्हाईक नाही. पूर्वी प्रत्येक वेळी माल आणायला दोघं जायचो. मला वाटायचं मी तिला नेतो. परतुरीच्या फाट्याला चहा घ्यायचो. तिथे ती अर्धा कप माझ्या बशीत ओतायची, कारण तिला जास्त चहा चालत नाही. आज बहुतेक पूर्ण पिली असेल.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
चांगुणा अजून आली नाही. मोनालीचा फोन आला, आता तरी पटलं का पप्पा?
नाही पटलं. पटणारही नाही. आराम आहे, मान्य. ट्रॅफिकमध्ये सोपं पडतं, मान्य. ॲव्हरेजही बरा देते. पण मॅन्युअलचा एक फायदा तुमच्या कुठल्याच कंपनीला कळलेला नाही. ती चालवायला दोन माणसं लागतात. ती गाडी असती तर चांगुणाला मला घेऊनच जावं लागलं असतं.