गंगू माजघरात कशी गेली

सोम., ३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट. बस मोशीला अडकली ती अडकलीच. तेवढ्यात मोबाइलवर कथेचा भाग ३० लिहून उरकला. सरदार आणि मैनावती वादळात सापडून देवळात. थंडी. शाल एकच. अजून एकमेकांचा तिरस्कार चालू आहे, पण शाल एकच. शेजारी बसलेल्या शुभांगीने मोबाइलमध्ये डोकावून सांगितलं की आधीच्या कथेतही हेच देऊळ होतं. होतं. तेव्हा घोंगडी होती. वाचकांना तेच लागतं, मी काय करू.
मी ॲपवर लिहिते हे कंपनीत फक्त तिला माहीत. टोपणनावात शेवटी ‘राजे’ लावलंय. आपलं आडनाव दिसलं असतं तर पेशवाईतली प्रेमकथा कोणी उघडली असती? निदान मी स्वतःला असं सांगते.

बुध., ५ फेब्रु.
घरी आले तर स्वयंपाकघरातून माझीच वाक्यं ऐकू आली. खालच्या मजल्यावरच्या मुलीने आईच्या मोबाइलवर ॲप घालून दिलंय. मोतीबिंदूमुळे वाचवत नाही, म्हणून मोबाइलमधली बाई वाचते आणि आई भाकरी थापत ऐकते. म्हणाली, लई चांगली कथा हाय. कोणी लिहिली ते तिला ठाऊक नाही. मी ‘असं का’ म्हटलं आणि कपडे बदलायला म्हणून आत जाऊन बसले.
जेवताना विचारलं, सगळ्यात कोण आवडतं? वाटलं, सरदार म्हणेल. म्हणाली, गंगू.
गंगू मैनावतीची दासी. चिठ्ठ्या पोचवते, पहारा देते, बाईसाहेबांचे डोळे पुसते. ती वेशीबाहेरची आहे असं तिसऱ्या भागात एका ओळीत लिहून गेले होते. आपलं कोणीतरी गोष्टीत असावं, एवढाच विचार. नंतर ती ओळ मीच विसरले. आई विसरली नाही.

शुक्र., ७ फेब्रु.
वाचक गळायला लागलेत. शुभांगी म्हणते, कोणालातरी मार. सरदाराला मारता येत नाही. मैनावतीला तर नाहीच. उरली कोण?
मैनावतीसाठी आलेलं विषाचं दूध गंगू पिते. ‘माझ्या जन्माचं सोनं झालं’ म्हणते आणि मरते. लिहिताना मलाच रडू आलं, आणि रडताना छान जमलंय असंही वाटत होतं. आईची आठवण झाली. तरी बटण दाबलं.

रवि., ९ फेब्रु.
प्रतिक्रियांचा पाऊस. कथा पहिल्या पानावर. ‘अशी दासी मिळायला भाग्य लागतं.’ कोणाला भाग्य लागतं, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.
आईने भाग ऐकला. मोबाइल पालथा ठेवला आणि लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “मने, आपलं माणूस गोष्टीत येतं ते मरायलाच येतं का गं?”
मी म्हटलं, अगं गोष्टच आहे ती.
“गोष्टच हाय म्हणून तर इचारते. खऱ्यात मेलेली काय कमी हाईत?”
भाजी जळली. माझ्याकडून.

बुध., १२ फेब्रु.
आईच्या डोक्यातून जात नाही. आज चहा पिताना परत सुरू. वेशीबाहेरची बाई सरदाराच्या माजघरात शिरली कशी? तिच्या हाताला लागलेला पेला त्या बाईसाहेबांनी तोंडाला लावला असता का?
नसता लावला. मला माहीत होतं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही. तिसरा भाग लिहितानाच माहीत होतं. माझा देखणा सरदार, गालावर तलवारीचा व्रण, गंगूची सावली पडली तर आंघोळ करणार. हे खरं लिहिलं असतं तर त्याच्या प्रेमात कोण पडलं असतं? म्हणून गंगूला गुपचूप आत घेतलं.
आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. पोळ्यांवर घ्या म्हणून कितीदा सांगितलं तिने. तिच्या पोळ्या सगळ्या वस्तीत नावाजलेल्या. घेतलं नाही, आणि का घेत नाही ते कोणी तोंडाने बोललं नाही. तिच्या पोटची मी. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

गुरु., १३ फेब्रु.
शुभांगीला सगळं सांगितलं. तिचा उपाय तयार: वैद्य आणायचा, नाडी सुरू आहे म्हणायचं, गंगू जिवंत. वाचक खूश, आई खूश. मी म्हटलं, जिवंत होऊन परत माजघरातच ना? ती म्हणाली, आईला सांगून टाक.
कथा माझी आहे हे सांगेन. पण ‘राजे’ कशाला लावलं, असं तिने विचारलं तर…

रवि., १६ फेब्रु.
आई विहारातून आली ती तरातरा. वंदना झाल्यावर तिने सगळ्या बायकांना गंगूची गोष्ट सांगितली म्हणे. सगळ्यांचं मत पडलं की लेखिकेला कळवायला पाहिजे. आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि समोर बसली. म्हणाली, मी सांगते, तू लिही.
सांगून टाकायची वेळ हीच होती. तोंड उघडलं. “सांग, लिहिते,” एवढंच बाहेर पडलं.
तिने सांगितलं तसं लिहिलं. कथा चांगली आहे. गंगूला आत घेतलीत ते खोटं आहे, आणि मारलीत ते बरं केलं नाहीत. मग आवाज मऊ केला.
“लिही, तुमचा दोष न्हाई बाई. तुमी मोठ्या घरच्या. तुमाला हे कुणी सांगितलंच नसंल.”
बोटं चालेनात. ती म्हणाली, काय झालं, लिही की. लिहिलं. खाली तिचं पूर्ण नाव घालायला लावलं, आडनावासकट. मग पाठवलं.
फ्रिजवर चार्जिंगला लावलेला माझा फोन थरथरला. मी जागची हलले नाही.
“मने, तुझा वाजला,” आई म्हणाली. “बघ तरी, कोणाचं हाय.”