एकाच तारेवरचे दोन इशारे

प्रिय सावकाश,

सगळी खोली तुला याच नावाने हाक मारायची, म्हणून मीही तेच लिहिते. तुझं टेबल अजून खिडकीशीच आहे. दुपारी ऊन त्यावर येऊन पसरतं, पंखा घरघरत असतो, आणि वाटतं, आपण दोघं कुठल्याशा संथ पाण्याच्या तळाशी बसून काम करतोय.

नवजात बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेटीचं जुनं सर्किट गेल्या आठवड्यात पुन्हा माझ्याकडे आलं. नव्या पेटीतही तीच बस कंट्रोलर चिप, म्हणजे सेन्सरचे निरोप प्रोसेसरपर्यंत नेणारी चिप, बसवायची आहे. ती तूच मला शिकवलीस. ऊब मोजणारा आणि श्वास मोजणारा, दोन्ही सेन्सर एकाच तारेवरून चिपला इशारा देतात. मग चिप प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावते. "तार वर आहे, म्हणजे इशारा चालू आहे, तोवर ऐकत राहायचं," तू म्हणायचास. "नुसती वर जातानाच ऐकलीस, तर दुसऱ्याची हाक पहिल्याच्या हाकेत बुडेल गं."

त्या जुन्या पेटीच्या चाचणीत नेमकं तेच झालं होतं. उबेचा इशारा चालू असताना श्वास थांबला, आणि त्याचा भोंगा वाजलाच नाही. पेटीत बाळ नव्हतं, बाहुली होती, एवढंच नशीब. फाइलवर सही तुझी. साहेब सगळ्यांदेखत तुला वाटेल ते बोलले. तू चष्मा पुसत राहिलास, आणि महिनाअखेरीस राजीनामा देऊन गेलास. मी दारापर्यंतही आले नाही. रागावले होते, इतका काटेकोर माणूस असा चुकलाच कसा म्हणून.

परवा बदलांची जुनी नोंद उघडली. तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास, ती दुपार. इशाऱ्यांचा इतका भडिमार चालला होता की प्रोसेसरला दुसरं काही सुचेना. म्हणून चिपने तार नुसती वर जातानाच ऐकावी, असा तिच्या मांडणीतला एक आकडा कुणीतरी तेवढ्यापुरता बदलला होता. कुणीतरी म्हणजे मीच. परत पूर्ववत करायचं साफ विसरले. मग लक्षात आलं, चूक शोधताना ही नोंद तूही पाहिली असणार. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. तू चकार शब्द काढला नाहीस.

आज सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ती नोंद स्वतः वाचली. मग म्हणाले, "त्याला मी स्वतः लिहितो." त्यांचं पत्र येईल, त्यात माफी असेल, बहुधा परत यायचं बोलावणंही. माझं काय होईल, माहीत नाही. पण माझी चूक मला उमगलीय, ही गोष्ट तुला आधी त्यांच्याकडून कळावी, हे मला सहन झालं नसतं.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
पलीकडच्या टेबलावरची