हगाम्याभोवतीची भिंत

आई, सकाळपासून लिहायला बसतोय आणि उठतोय. काल तालुक्याची माणसं घरी येऊन गेली. घरपट्टी वाढवून कुस्त्यांसाठी मोठं स्टेडियम बांधलंय, जुना पैलवान म्हणून फीत मी कापायची म्हणतात. मी हो म्हणालो, चहा पाजला, आणि ती माणसं गेल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

तुला आठवतं, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचा काळ होता, सिमेंट मिळत नव्हतं, तरी गावच्या कमिटीनं दगडचुन्यात आखाड्याला भिंत घालायचं काढलं. तोवर जत्रेतल्या कुस्त्या, आपला हगामा, ओढ्याच्या मोकळ्या वाळूत व्हायचा. पुरुष खाली गोल करून बसायचे, बाया वर दरडीवर उभ्या. लंगोट चढवून उतरलो की मी आधी दरडीकडे बघायचो. पदर दातात धरून तू उभी असायचीस, आणि मी मार खायला लागलो की तुझी शिवी हलगीच्या वर ऐकू यायची. लाज वाटायची, पण बळही यायचं. भिंतीसाठी बाजारात भाजीच्या दर पाटीमागे पट्टी बसली. तुझ्या शेजारी बसणाऱ्या बाकीच्या भाजीवाल्या कुरकुरल्या. तू म्हणालीस, "माज्या पोराला आखाडा हुतोय, देऊ की," आणि वर्षभर देत राहिलीस.

भिंत दोन पुरुष उंच झाली. दरडीवरून काही दिसेना. जत्रेला दाराशी तिकीट लागलं, तर तू पैसे मुठीत धरून तिथं गेलीस. दारावर आपल्याच भावकीतला होता.

"वैनी, बायांना आत जागा न्हाई."

"पाटीमागं पट्टी घेताना बाई दिसली न्हाई व्हय रं?"

लोक हसले, पण तुला आत सोडलं नाही. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी आत मातीत उभा आहे, सवयीनं वर बघतोय, आणि वर नुसता भिंतीचा चुना.

कुस्ती मी मारली. घरी आलो तर तू भाकरी थापत होतीस. उठलीस आणि पिठाच्या हातांनी माझा दंड धरलास.

"कसा पाडला? दाव."

"आये, येडी का काय!"

"वरीसभर भरलंय मी. दाव म्हन्ते ना."

अंगणात तुझ्या मानेवर हात टाकला, पाय अडकवला आणि तुला हळूच जमिनीला टेकवलं. तू हसत नव्हतीस. पडल्या पडल्या म्हणालीस, "लई चांगला डाव हाय. बघाया पायजे हुता." मला रडू फुटलं. पुढच्या जत्रेपर्यंत तू राहिली नाहीस.

नव्या स्टेडियमचं तिकीट केवढं, बाजारात बसणाऱ्या बाईला ते झेपेल का, हे काल विचारायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारलं असतं तर फितीची कात्री त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली असती. आणि आई, मला आत जायचंय.